शब्दचर्चा : 'यंत्रमानव' नेमका कोण म्हणतं?

खानापूर :
सातवीला निबंध दिला होता, 'यंत्रमानव आणि आपण'. एका पोराचे वडील बेळगावला उद्यमबागेत वेल्डिंगला जातात. पोरगा उभा राहून म्हणाला, "सर, बाबांच्या कारखान्यात रोबो आलाय, खरं त्याला मानव कशाला म्हणायचं? एकच हात आहे की त्याला." (आमच्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्यांनी घोटाळा करून घेऊ नये.) मला उत्तर सुचलं नाही. मराठीत दुसरा शब्द आहे का?

टिळकवाडी :
मास्तर, शब्द शेजारच्या कन्नड शाळेतही तोच, 'यंत्रमानव'. दोन्हीकडे पुस्तकातच राहिलाय. कारखान्यात रोबो म्हणतात आणि कामाला लागतात.

मूळ शब्द मात्र बघण्यासारखा आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' नाटक १९२० साली छापलं गेलं, त्यातून 'रोबो' जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानं सक्तीनं करायचं काम. म्हणजे आपली वेठ! 'वेठ' आला संस्कृत 'विष्टि'वरून, कन्नडमधला 'बिट्टी' त्याच घरातला. 'बिट्टी चाकरी' तुम्ही ऐकलं असेलच. आणि नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीतच, रसायनांतून घडवलेले, माणसासारखे दिसणारे आहेत. तेव्हा अर्थाला धरून बोलायचं तर 'वेठ्या' म्हणा. 'यंत्रमानवा'त यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळाली.

वडगाव :
'वेठ्या' चांगला आहे, खरं चालणार नाही. मालक "दोन वेठे घेतले" असं कुठं सांगत फिरेल?

मी मागावरचा माणूस, तिकडचंच सांगतो. आमच्या आज्जाच्या तोंडी फक्त 'माग' होता. 'हातमाग' म्हणायची गरजच नव्हती, हाताशिवाय माग चालायचा कशानं? शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली यंत्रमाग आला, मग आमच्या वडगाव-शहापूर-खासबागेतही खडखडाट सुरू झाला. आता आमच्या गल्लीत नुसतं 'माग' म्हटलं की विजेवरचाच. जुन्याला 'हात' चिकटवावा लागतो. घर नवीन आलेल्याचं झालं आणि म्हाताऱ्याला पाटी लावून घ्यावी लागली, तसलं. हातकागदाचंही तेच.

नक्षीचंही सांगतो. जकार्ड मागाला (फ्रान्समधली १८०४ची कल्पना) पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात, भोकं पाडलेल्या. आधी चौकटीच्या कागदावर काठाचा मोर काढायचा, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून भोकं. भोक असेल तिथं दोरा उचलतो, नसेल तिथं खाली राहतो. एक भोक चुकलं की मोराची चोच दर वेळी तशीच वाकडी. वडील म्हणायचे, "ही आपल्या घरची चोच." आता कॉम्प्युटरवरून थेट मागाला जातं. चोच सरळ असते, आणि आम्ही 'नक्षी' न म्हणता 'डिझाईन' म्हणतो. 'नक्षी' कधी सुटली ते आठवत नाही.

टिळकवाडी :
हे मला सुचलंच नव्हतं. मग मास्तर, नव्या यंत्राला शब्द शोधण्यापेक्षा जुन्या कुठल्या शब्दाला शेपूट फुटतंय ते बघायला पाहिजे. गणपतीच्या दिवसांत "हातची मूर्ती आहे का साच्यातली?" असं आपण विचारतोच की. उद्या 'माणसानं काढलेलं चित्र' असं वेगळं सांगावं लागेल.

खानापूर :
लागायला लागलंय. परवा वर्गात एका पोरीनं चित्र दाखवलं आणि मी न विचारताच म्हणाली, "सर, हातानं काढलंय."

वडगाव :
तिला पैकीच्या पैकी द्या. आणि त्या पोराच्या बाबांना विचारा, कारखान्यात त्या रोबोला हाक काय मारतात. काहीतरी नाव ठेवलं असणार. आमच्या जुन्या मागाला आई 'म्हातारी' म्हणायची.