बाल्कनीतल्या बागेची हौसच गेलीये, तुमची कधी परत आली का?

ठाणेकर_बाल्कनी (मे)
नमस्कार मंडळी, जरा लाजतच विचारतेय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखं मलाही झाडांचं वेड लागलं, पिकलेला टोमॅटो चिरडून कुंडीत, पुदिन्याच्या काड्या ग्लासात, असं करत करत सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत ३४ कुंड्या झाल्या. नवरा म्हणायचा, कपडे आता लिफ्टमध्ये वाळत घालू का. मग ऑफिस सुरू झालं, सकाळची लोकल पकडायची म्हणजे झाडांचा तास गेलाच, त्यात जास्वंदीला ते कापसासारखं पांढरं लागलं, तिथून वांग्यावर गेलं, आणि मागच्या मेमध्ये बारा दिवस गावी गेलो तेव्हा शेजारी किल्ली दिलेली, त्यांनी पाणी घातलं म्हणे, दोनदा. आल्यावर जे दिसलं ते बघून मी बाल्कनीचं दारच लावून घेतलं. आता ११ कुंड्यांत जीव आहे, बाकीच्यांत दगड झालेली माती आणि काटक्या. रोज कपडे वाळत घालते पण खाली बघत नाही. सासूबाईंनी लावलेला मोगरा आहे त्यात, त्या आता नाहीत, आणि त्यालाही दोन वर्षं फूल नाही. नर्सरीतून नवीन आणावं तर परत मारेन असं वाटतं. कोणाची हौस अशी जाऊन परत आली असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा. आणि प्लीज, वेळ काढा असं कोणी सांगू नका, तो असता तर...

नाशिकची_मेथी
अगं ताई, आधी त्या मेलेल्या कुंड्या डोळ्यासमोरून हलव. २३ मेलेली झाडं रोज बघून कोणाला हौस येईल? काटक्या उपट, माती एका गोणीत भर, कुंड्या एकात एक घालून कोपऱ्यात. रविवारची सकाळ जाईल, पण हे झाल्याशिवाय नर्सरीत पाऊल टाकू नकोस. आणि आत्ता मेमध्ये काही लावूच नकोस, मृग लागू दे. मग एका पसरट टबात मेथी. स्वयंपाकघरातल्याच डब्यातले दाणे रात्री भिजवायचे नि सकाळी पसरायचे, तीन-चार दिवसांत मान वर काढतात, महिन्याच्या आत भाजी. मी पण दीड वर्ष काही केलं नव्हतं, मेथीनेच परत ओढलं. गुलाब वगैरे हट्टी मंडळी नंतर.

चिखलातले_हात
मेथी ठीक आहे पण आधी रोग काढा, नाहीतर नवीन झाडांवर तेच चढणार. ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसते का बघा, दिसली तर तोच आहे, त्याचा चिकट गोड रस खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. फार माखलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, संध्याकाळी मारायचं, पानांच्या खालून. आठवड्याने परत, असं तीन-चार वेळा. एकदा मारून फोटो टाकतात लोक "काही फरक नाही" म्हणून, त्याचा राग येतो.

दगड झालेल्या मातीला वरून पाणी घालून उपयोग नाही, ते कडेने उतरून खालच्या भोकातून पळतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. जिवंत कुंड्या एकेक करून बादलीभर पाण्यात बसवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

मुक्त_माणूस
सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा उलटं बोलतो. हौस परत आलीच पाहिजे का? मी २० कुंड्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना दिल्या, त्यांनी गेटजवळ लावल्या, माझ्यापेक्षा छान वाढवल्या. घरात तुळस आणि गवती चहा ठेवलाय, बस. सकाळी चहात पात टाकायला बाल्कनीत जातो तेवढीच माझी बागायत. अपराधी वाटणं मात्र बंद झालं.

ऑरेंज_सिटी
@मुक्त_माणूस बरोबर बोललात. आमच्याकडे नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, हिरवी नेट लावूनही पानं करपतात. मी एप्रिल ते जून बाग बंद असंच धरते, जगेल ते जगेल. ताई, मोगऱ्याचं सांगते. कुंडी किती वर्षं बदलली नाही? बहुतेक मुळं आत गोल गोल फिरून नुसता गोळा झाला असेल. पाऊस सुरू झाला की कुंडीतून काढा, बाहेरची मुळं थोडी छाटा, नवी माती आणि शेणखत घालून परत लावा आणि फांद्या निम्म्याने कापा. हात थरथरेल, पण कापा. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो.

ठाणेकर_बाल्कनी (जुलै)
उशिरा लिहितेय, सॉरी. गोणी भरली. १४ कुंड्या खालच्या मुलींना दिल्या, नऊ उलट्या करून ठेवल्यात. मोगरा काढला तेव्हा खरंच कुंडीच्याच आकाराचा मुळांचा गोळा निघाला, कात्री लावताना सासूबाई मागे उभ्या आहेत असं वाटत होतं, नवऱ्याला म्हटलं तू काप, तो म्हणे माझी आई आहे, मी नाही कापणार. शेवटी मीच कापला. फूल नाही अजून, पण प्रत्येक पेराशी तांबूस हिरवी फूट आलीये, दात घासत तीच बघत उभी असते. मेथी अर्धी कबुतरांनी खाल्ली, उरलेल्यात तीन थालीपिठं झाली.

आता नवीनच प्रश्न. सहाव्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या, त्यांच्या चादरींवर मातीचं पाणी पडतंय. ताटल्या ठेवल्या तर डास होतील ना?

चिखलातले_हात
ताटलीत जाड वाळू भरा, पाणी वाळूत राहतं, वर साचत नाही. दर आठवड्याला धुवायचीच. आणि काकूंना थोडी मेथी नेऊन द्या.

ठाणेकर_बाल्कनी
मेथी संपली हो. दुसरी काल टाकलीये, यावेळी वर जुनी साडी बांधलीये.