डाउनलोडच्या आकड्यापलीकडची पारख

डाउनलोडची संख्या आणि पसंतीच्या खुणा पाहून मॉड (खेळात चाहत्यांनी केलेला बदल किंवा भर) निवडावा, असे या चर्चेत एका सदस्याने सुचवले आहे. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. २०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या संगणकीय खेळात एकच नोंद (उदाहरणार्थ एखाद्या वस्तूची किंवा पात्राची माहिती) दोन प्लगिन (खेळ सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या मॉडच्या फाइली) बदलत असतील, तर लोड होण्याच्या क्रमात जो शेवटी येतो त्याचाच बदल टिकतो आणि आधीचा कोणतीही सूचना न देता झाकला जातो, त्यामुळे स्वतंत्रपणे निर्दोष असलेले दोन मॉडही एकत्र येताच बिघडू शकतात. हे लोकप्रियतेच्या आकड्यावरून कधीच कळत नाही. म्हणूनच मॉड पारखणारे जाणते स्वयंसेवक ‘एक्सएडिट’ या प्लगिन तपासण्याच्या साधनात नोंदींची एकेक करून तुलना करतात, आधी मॉड एकटाच नव्या सेव्हवर (खेळाची जतन केलेली प्रगती), म्हणजे खेळ नव्याने सुरू करून, चालवतात आणि मगच तो मॉडच्या पूर्ण संचात घेतात. नव्या सेव्हचा आग्रह मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण स्क्रिप्ट (खेळ सुरू असताना पाळल्या जाणाऱ्या लिखित आज्ञा) असलेला मॉड काढून टाकला तरी त्याचे अवशेष जुन्या सेव्हमध्ये राहतात आणि दोष भलत्याच मॉडच्या माथी मारला जातो. पात्रांच्या चालण्याच्या वाटा ठरवणारी नॅव्हमेश एखाद्या मॉडने पुसली असेल, तर खेळ बंद पडू शकतो. पण तो दोष त्या ठिकाणी प्रत्यक्ष पोहोचल्याशिवाय उघड होत नाही. शिवाय मूळ आवृत्तीत, खेळाच्या स्वतःच्या फाइली धरून, २५५ प्लगिनांची मर्यादा होती, त्यामुळे चांगले मॉडही वगळावे लागत. असा मॉड का वगळला, याची कारणासह केलेली नोंद मला पसंतीच्या शेकडो खुणांपेक्षा अधिक मोलाची वाटते.