पेशी म्हातारी होते म्हणून माणूस म्हातारा होतो का?

खारघर_बायोटेक: टीवायच्या सेमिनारसाठी विचारतेय. हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींत कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) डिशमध्ये साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होऊन थांबतात. शरीराचा हाच कोटा संपतो का? शिवाय म्हाताऱ्या पेशी निळ्या दाखवणाऱ्या बीटा-गॅल (एक एन्झाइम) स्टेनिंगला आमच्या तरुण पेशीही निळ्या पडताहेत.

ऐरोलीकर: कोट्याचं गणित जुळत नाही. ऐंशीच्या घरातल्या निरोगी माणसाच्या त्वचेतल्या पेशीही डिशमध्ये बऱ्याच वेळा विभागतात. न्यूरॉन तर जवळपास विभागतच नाहीत, तरी मेंदू म्हातारा होतो. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमियर (गुणसूत्रांची टोकं, विभाजनागणिक झिजणारी) आपल्यापेक्षा लांब, आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचं.

खरी भानगड ही की थांबलेली पेशी मरत नाही. पी१६, पी२१ ही प्रथिनं विभाजन रोखतात, पण ती पेशी आयएल-६, आयएल-८ (दाह पेटवणारी प्रथिनं) आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स बाहेर सोडत बसते. त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशीही थांबतात. आढीतला नासका आंबाच म्हणा. अशा पेशी थोड्या असल्या तरी ऊतीचं नुकसान होतं ते यामुळे. आणि टेलोमियर झिजणं हे थांबण्याचं एक कारण झालं. डीएनएला इजा किंवा कॅन्सरकडे नेणारं जनुक चेकाळलं तरी पेशी थांबते.

घोडबंदर_लॅब: ताई, प्लेट सीओ२ इनक्युबेटरमध्ये ठेवताय का? बहुतेक तिथेच घोळ आहे. सीओ२ने बफरचा पीएच स्टेनिंगला लागणाऱ्या ६.० च्या खाली घसरतो. लायसोसोमचं नेहमीचं बीटा-गॅल पीएच ४ च्या आसपास जोरात चालतं, मग सगळंच निळं. ३७ अंशांवर, सीओ२शिवाय, पॅराफिल्म लावून १२ ते १६ तास ठेवा. फिक्सिंग (रसायनाने पेशी आहे तशा गोठवणं) ३ ते ५ मिनिटंच, जास्त झालं तर एन्झाइमच मरतं. गच्च भरलेल्या प्लेटमध्येही खोटा निळा येतो, पेशी विरळ पेरा. नुसत्या निळ्यावर विसंबू नका, पी१६ आणि ईडीयू (पेशी नवा डीएनए बनवतेय का ते दाखवणारी चाचणी) जोडीला हवेतच.

कळवा_नाका: ऐरोलीकरांना पुरवणी. जखम भरताना याच थांबलेल्या पेशी कामाला येतात, कॅन्सरलाही ब्रेक लावतात. २०१६ मध्ये उंदरांतल्या पी१६वाल्या पेशी काढल्यावर त्यांचं मध्यम आयुर्मान साधारण २५ टक्के वाढलं, पण जखमा भरायला वेळ लागला. सेमिनारमध्ये दोन्ही बाजू सांगा.

खारघर_बायोटेक: पीएचच असणार! अजून एक: १:४ ने सहा पॅसेज (दर वेळी एका प्लेटमधल्या पेशी चार प्लेटांत वाटणं) म्हणजे १२ दुपटी?

घोडबंदर_लॅब: कागदावर १२. वाटताना ज्या पेशी चिकटत नाहीत त्यांची भरपाई उरलेल्या करतात, म्हणून प्रत्यक्षात जास्त. दर पॅसेजला मोजा: ३.३२ × (शेवटच्या संख्येचा लॉग − चिकटलेल्यांचा लॉग), लॉग १० च्या पायाचा.