मुलींची निवासी शाळा की गावाजवळची शाळा?

कोरडवाहू: ऊसतोडीच्या घरातली मुलगी सातवी-आठवीत गळते, ती अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्यावर निघाले की तिलाही नेतात. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकटी भावंडं, पाणी, भाकरी तिच्याच गळ्यात. मागे ठेवावं तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर? मग लग्न उरकतात. नवराबायकोचा एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, झाला की मजूर नेणारा मुकादम जोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, म्हणजे या लग्नात रोकडाही आहे. अशा मुलीला निवासी शाळेत नेणं हाच उपाय, असं माझं ठाम मत. २००४ साली आलेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं नेमकी याच वयासाठी होती, सहावी ते आठवी. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक मुलींना. उरलेल्यांत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना प्राधान्य. गरज असेल त्या प्रत्येक तालुक्यात अशी शाळा हवी.

पायवाट: असहमत. मुलगी बाहेर काढलीत, घर होतं तसंच राहिलं. आठवी झाली की त्याच घरात परत, आणि स्थळ तयार! त्यापेक्षा जवळ माध्यमिक शाळा द्या, वेळेवर गाडी द्या. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या निळ्या गाड्या आहेत. आहे ते नीट चालवा.

कोरडवाहू: २०१८ला केंद्राची समग्र शिक्षा योजना आली तेव्हा कस्तुरबा शाळा बारावीपर्यंत वाढवायची सोय झाली. एसटीचं म्हणाल तर २०२१च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत लांबला. पास हातात, गाडी नाही. आणि गाडी आली तरी संध्याकाळी मुलीला कुलूप लागलेल्या घरापाशीच उतरवणार ना?

पायवाट: त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. शाळा गावातलीच, जेवणाची सोय तिथे, आजीआजोबा जवळ.

जुनी वही: आजीआजोबांच्या भरवशावर तर हे सगळं चालत आलंय. जरा मागे बघू. महर्षी कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १९००मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला गेला तेव्हा पुण्यात मुलींच्या शाळा नव्हत्या का? होत्या, हुजूरपागा १८८४पासूनची. पण विधवेला घरातून रोज शाळेत धाडणार कोण? शाळा दोन गल्ल्या पलीकडे असूनही तिच्यासाठी लांबच होती. पायवाट, अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजू नका.

मोकळी खिडकी: हा इतिहास अर्धा झाला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, तीही विधवांसाठीची निवासी शाळाच, १८८९ला मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. खरं-खोटं कुणाचं ते राहू द्या. मुलगी चोवीस तास संस्थेच्या ताब्यात असली की विश्वास उडाल्यावर तिचं शिक्षणही त्याच दिवशी संपतं.

मी स्वतः निवासी शाळेत शिकले. संध्याकाळचे अभ्यासाचे तास घरी मिळाले नसते, हे शंभर टक्के मान्य. पण फोन अधीक्षिकाबाईंच्या समोर उभं राहूनच करायचा. घरी काय सांगणार, कप्पाळ! रात्री कुणी तापली तर गाडी शोधायची कुणी, याचं उत्तर कुणापाशीच नसायचं. आणि बँकेची स्लिप भरणं, एकटीने एसटी पकडणं, हे बारावीनंतर शिकले. मुलगी सुरक्षित ठेवणं म्हणजे कोंडून ठेवणं, असं समजणाऱ्या शाळा मला नकोत. निवासी शाळा मात्र हव्यात.

जुनी वही: फोनचा मुद्दा पटला. तक्रार करायची ती ज्यांची करायची त्यांच्याच समोर, हे चूकच.

कोरडवाहू: मोकळी खिडकी, बँक-बाजार शिकवता येईल, त्यासाठी शाळा मोडायला नको. पालकांना मात्र दर वर्षी बोलवायलाच हवं. दिवाळीआधी, निघायच्या तोंडावर सभा घ्यावी.

पायवाट: फार उशीर होतो. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, दिवाळीपर्यंत जोड्याही ठरतात. सभा जूनमध्ये घ्या, आणि बापालाही बोलवा. एकट्या आईला बोलावून काय होणार, उचलीवर अंगठा त्याचा असतो.