लॅच पट्टीत बसत नाही, उद्यापर्यंत उपाय हवा

रामबागवाला: बेडरूमच्या दाराचं लॅच चौकटीतल्या पट्टीत जातच नाही. लोटलं की टक् करून परत उघडतं. तीन रात्री दाराला स्टूल लावून झोपतोय. सुतार रोज 'कल पक्का' म्हणतो. उद्या सासूसासरे येतायत. नवी पट्टी आणली तर भागेल का?

कट्टेकर: लॅच भोकाच्या वर आपटतंय की खाली? दार कसलं?

रामबागवाला: साधंच हो, सगळ्यांकडे असतं तसं. पट्टीचं सांगा.

निवृत्तकाका: पट्टी बदलून काय होणार? लॅचच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार लोटा, डाग कुठे उमटतो बघा. एखाद मिलिमीटरचा फरक असेल तर भोक कानशीने वाढवा.

सागवानप्रेमी: कानस कशाला? पावसात लाकूड फुगलंय. रंधा मारा, विषय संपला.

निवृत्तकाका: आत्ता रंधा माराल आणि दिवाळीनंतर दार सुकलं की फट पडेल. आमच्या देवघराच्या दारात पाच वर्षं पेपरची घडी खोचतोय.

सुगरण_५६: दार करकरत असेल तर बिजागरीत खोबरेल तेल सोडा.

रामबागवाला: करकरत नाहीये! कुंकू लावलं. डाग भोकाच्या खाली, चारेक मिलिमीटर. बायको विचारतेय, दाराची पूजा का चाललीय.

बडोदेकर: आम्ही डिजिटल लॉक बसवलं. झकास.

कट्टेकर: बेडरूमला? असो. रामबागवाले, दार लोंबलंय. वरची बिजागरी बघा.

रामबागवाला: तिचे दोन स्क्रू नाहीतच, तिसरा बोटानं फिरतो. दारामागच्या हुकांवर ओले टॉवेल, दोन दप्तरं आणि माझी जिमची बॅग असते. हे आधी सांगायचं होतं का?

निवृत्तकाका: 😑 सगळं उतरवा. दाराखाली पाचर देऊन उचला. बिजागरीच्या स्क्रूंच्या भोकांत गूल काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी लांब स्क्रू आवळा. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील.

सागवानप्रेमी: आणि वरच्या बिजागरीमागे पुठ्ठा घाला.

निवृत्तकाका: वर नाही हो, खालच्या! वर घातलात तर आणखी लोंबेल.

सागवानप्रेमी: आमच्याकडे वरच घातलाय.

निवृत्तकाका: आणि दार लागतं?

सागवानप्रेमी: जरा उचलून लावावं लागतं.

रामबागवाला: बसलं! पुठ्ठ्याची गरजच पडली नाही. पट्टीला हात लावला नाही. आता टॉवेल कुठे टाकायचे?

सुगरण_५६: बाल्कनीत दोरी बांधा.

बडोदेकर: डिजिटल लॉकचा विचार करून ठेवा तरी.