पुढून ठोकलेल्या गाडीची दोन एस्टिमेट, एक दुसऱ्याच्या अडीचपट. खरं कुठलं?

चारचाकी_नवशिकी:

नमस्कार मंडळी, परवा गाडी ठोकली. पुढचा ट्रक अचानक थांबला, मी ब्रेक दाबला पण गाडी थोडी घसरली आणि नाक ट्रकच्या मागे खाली घुसलं. वेग फार नव्हता, कुणाला काही लागलं नाही, एअरबॅग पण उघडल्या नाहीत. गंमत म्हणजे बंपरला नुसते ओरखडे आहेत आणि बॉनेट मात्र पुढून तंबूसारखं उभं राहिलंय, डावा हेडलॅम्प आत ढकलला गेलाय आणि ग्रिलचे तुकडे मी डिकीत भरून आणलेत.

आता दोन ठिकाणी दाखवली. पहिल्याने उभ्या उभ्या पाच मिनिटं बघितलं आणि एका कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या, बॉनेट ठोकून सरळ करणे, ग्रिल नवी, लॅम्प चिकटवणे, रंग. दुसऱ्याने गाडी वर उचलून टॉर्च मारून बघितली आणि बावीस ओळींचं छापील एस्टिमेट दिलं, त्यात नवीन बॉनेट, नवीन लॅम्प, कंडेन्सर, फ्रंट पॅनेल, फॅनची जाळी, कुलंट, एसीचा गॅस, क्लिपा, आणि वर दोन्ही फेंडरचा, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांचा रंग! फेंडरना तर काहीच झालेलं नाहीये. पहिल्याचा आकडा एक धरला तर दुसऱ्याचा अडीच.

पहिला देवमाणूस आहे की दुसरा लुटतोय? एकूण खर्चाचा अंदाज आपला आपल्याला कसा काढता येईल? आणि गाडी चालू होतेय, टेंपरेचरचा काटा नॉर्मलच्याही खाली असतो, म्हणजे रेडिएटर ठीक आहे ना, तोवर ऑफिसला नेली तर चालेल का?

डेंटर_होतो_आता_नाही:

ताई आधी शेवटचं. गाडी चालवू नका. काटा नॉर्मलच्या खाली ही आनंदाची बातमी नाहीये. तो सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असला तरच बरोबर आकडा दाखवतो, कुलंट गळून गेलं की तो हवेत लटकतो आणि काटा खाली राहतो, आणि तिकडे इंजिनचं हेड भाजून निघतं. गार असताना टाकीतली लेव्हल बघा, गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. हेड गेलं तर वरची दोन्ही एस्टिमेटं तुम्हाला चिल्लर वाटतील.

आता मुख्य. दोघंही खोटं बोलत नसावेत. पहिल्याने जे दिसलं त्याची किंमत केली, दुसऱ्याने जे असू शकतं त्याची. पुढून धडक बसली की बाहेरून दिसतं ते निम्मंच असतं. बंपरची प्लॅस्टिकची साल दाबली जाते आणि परत आपल्या जागी येते, ती नवीनासारखी दिसते, मागचा फोम आणि लोखंडी बीम मात्र गेलेला असू शकतो. तुमच्या केसमध्ये उलटं आहे. ट्रक उंच, त्यामुळे बीमच्या वरून मार गेला, बीमने काही झेललंच नाही आणि सगळा दणका बॉनेटचं लॉक ज्या आडव्या पट्टीवर असतं तिच्यावर आला. त्या पट्टीच्या लगेच मागे एसीचा कंडेन्सर, बोटाएवढ्या जाडीचा, त्याच्या मागे रेडिएटर, त्याच्या मागे फॅन. पट्टी दोन-तीन सेंटीमीटर मागे गेली तरी हे सगळे एकमेकांच्या अंगावर. म्हणून दुसऱ्याने कंडेन्सर लिहिलाय, आणि बघितल्याशिवाय नुसता लिहिला असेल तर ती त्याची चूक.

बॉनेट ठोकून सरळ होतं का? मध्ये पोचा असेल तर होतं. पण तंबू झालेलं बॉनेट मी तरी हातात घ्यायचो नाही. बॉनेट म्हणजे दोन पत्रे, वरचा दिसणारा आणि खालचा सांगाडा, कडेला दुमडून एकमेकांत बसवलेले. खालच्या सांगाड्याला मुद्दाम कमजोर जागा ठेवलेल्या असतात म्हणजे धडकेत ते मधून मुडपेल, काचेतून आत येणार नाही. एकदा मुडपलं की ती घडी कायमची. वरून पुटी भरून गुळगुळीत करतील, दोन पावसाळ्यांत कडेची घडी उकलून गंज डोकावेल. आणि अॅल्युमिनियमचं असेल तर विचारूच नका, चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर अॅल्युमिनियम.

फेंडरच्या रंगावरून तुम्हाला राग आलाय, पण गाडी मेटॅलिक असेल तर तो माणूस बरोबर आहे. नवीन बॉनेटचा रंग कितीही नंबर बघून मिसळला तरी शेजारच्या जुन्या पत्र्याशी उन्हात फरक दिसतो, मग रंगाचा हात फेंडरच्या कडेपर्यंत विरळ करत नेतात आणि क्लिअर कोट पूर्ण फेंडरवर मारतात. साधा पांढरा असेल तर विचारा की बाबा गरज आहे का, कधी कधी नसते.

अंदाज काढायचा तर एस्टिमेटचे तीन ढीग करा, पार्ट, लेबर, रंग. पार्टचे भाव पार्ट नंबरवरून ताडून बघता येतात. खरी गोम लेबरमध्ये. बंपर काढल्याशिवाय लॅम्प निघत नाही, कंडेन्सर निघत नाही, फ्रंट पॅनेल निघत नाही. मग बंपर काढण्या-बसवण्याची मजुरी तीनदा लावलीये का ते बघा. बंपर एकदाच निघतो.

हळू_चला:

काटा खाली असला तर आनंद नाही, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला, माझ्या गाडीचा काटा वर्षभर खाली आहे आणि मी तिचं कौतुक करत फिरतोय 😅

डेंटर_होतो_आता_नाही:

@हळू_चला तुमचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकला असेल. पण आधी कुलंट बघा. ताईंचा धागा खराब करू नका.

कागदपत्रे_जपून_ठेवा:

मी इन्शुरन्सच्या बाजूने लिहिते कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. ताई, एक स्क्रूही उघडू देऊ नका जोवर कंपनीला कळवलं नाहीये आणि त्यांच्या माणसाने बघितलं नाहीये. फोटो काढा, चारही बाजूंनी, मग जवळून, मग गाडी नंबरसकट. डिकीतले ग्रिलचे तुकडे टाकू नका.

क्लेम करायचा की खिशातून भरायचं हे एस्टिमेटच्या एकूण आकड्यावर ठरवू नका. हातात किती येणार ते बघा. आकड्यातून तुमच्या हिश्शाची ठरलेली रक्कम वजा, पॉलिसीत घसारा कापत असतील तर तोही वजा, आणि पुढच्या हप्त्यात जी नो क्लेम सवलत जाणार ती वजा. नुसता बंपर आणि रंग असेल तर बऱ्याचदा क्लेम न केलेला परवडतो. तुमचं बॉनेट-लॅम्प-कंडेन्सर असं असेल तर मी क्लेम करेन.

अजून एक. खोलल्यावर नवीन काही निघालं तर गॅरेज पुरवणी एस्टिमेट देतं. ते मंजूर झाल्याशिवाय काम सुरू झालं की मग कंपनी म्हणते आम्हाला दाखवलंच नाही, आणि तो फरक तुमच्या गळ्यात. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता राग पण येत नाही.

रडारचा_रुसवा:

दोन्ही एस्टिमेटमध्ये कुणी कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची दिशा मोजून नीट लावणं, लिहिलंय का? तुमच्या गाडीला पुढे रडार असेल, म्हणजे आपोआप ब्रेक लावणारी किंवा पुढच्या गाडीमागे अंतर ठेवून चालणारी असेल, तर ते बहुतेक ग्रिल किंवा लोगोच्या मागे, नाहीतर बंपरमध्ये खाली बसवलेलं असतं. माझ्या गाडीचं ब्रॅकेट जरासं वाकलं होतं, डोळ्याला दिसत पण नव्हतं. बिल भरलं, गाडी घरी आणली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. परत गेलो, परत पैसे. एक डिग्री तिरकं बसलं तर १०० मीटरवर पावणेदोन मीटर बाजूला बघतं ते, म्हणजे जवळजवळ शेजारच्या लेनमधली गाडी तुमची समजून ब्रेक मारणार. त्या कामाला वेगळं मशीन आणि मोकळी सपाट जागा लागते, त्यामुळे साधी गॅरेजं ते बाहेर पाठवतात आणि म्हणून एस्टिमेटमध्ये विसरतात.

जुनंच_बरं:

मी वेगळं सांगतो, राग मानू नका डेंटर काका. सगळं नवीन आणि कंपनीचंच कशाला? बॉनेट, फेंडर, ग्रिल हे दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचं घ्या, नशीब असेल तर त्याच रंगाचं मिळतं आणि रंगाचे पैसे पण वाचतात. लॅम्पचं पण, काच फुटली नसेल आणि फक्त मागचे कान तुटले असतील तर काही कंपन्या नुसत्या कानांचं दुरुस्ती किट देतात, त्यासाठी अख्खा लॅम्प बदलायचा म्हणजे कमाल आहे. एलईडी लॅम्प असेल तर तो एकटा बॉनेटपेक्षा महाग पडतो.

डेंटर_होतो_आता_नाही:

राग कसला, बरोबर आहे तुमचं. फक्त जुन्या बॉनेटवर रंगाची जाडी मोजून घ्या. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, मीटर पाचशे-सहाशे दाखवायला लागला की खाली पुटी आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा अपघात विकत घेताय. आणि कंडेन्सर, सीटबेल्ट, एअरबॅग हे जुने अजिबात नाही.

चारचाकी_नवशिकी:

अरे बापरे, एवढे रिप्लाय. कुलंट बघितलं, खालच्या खुणेच्या किंचित वर आहे, पुठ्ठा कोरडा. पण गाडी जागची हलवली नाही, दुसऱ्याकडे टो करून नेली. इन्शुरन्सच्या माणसाने बघितलं आणि आज माझ्यासमोर खोलली.

एअरबॅग का नाही उघडल्या हे कुणी सांगेल का? सिस्टीममध्ये बिघाड असेल म्हणून घरी सगळे घाबरलेत.

डेंटर_होतो_आता_नाही:

बिघाड असता तर लाल दिवा चालू राहिला असता. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदात विझतो का बघा. एअरबॅगला बॉनेट किती चुरगळलं याच्याशी घेणंदेणं नाही, गाडी किती झटक्यात थांबली ते ती मोजते. तुमची गाडी ट्रकखाली सरकत सरकत थांबली, पत्र्याने हळूहळू जोर खाल्ला. तोच वेग भिंतीवर असता तर कदाचित उघडल्या असत्या. आणि उघडल्या नाहीत हे खर्चाच्या दृष्टीने तुमचं मोठं नशीब, कारण मग दोन बॅगा, सीटबेल्टचे ओढणारे, कंट्रोल युनिट, कधी डॅशबोर्ड आणि काच पण. जुन्या गाडीत तेवढ्यावरच हिशोब बसतो की दुरुस्त करण्यापेक्षा मोडीत काढलेली बरी.

आता खोलल्यावर काय निघालं सांगा. चासिसच्या पुढच्या दांड्या मोजल्या का?

चारचाकी_नवशिकी:

हो! तुमचं वाचून मीच विचारलं. त्याने लांब पट्टी लावून तिरकं मोजलं, डावीकडून उजवीकडे आणि उलटं, २ मिलिमीटरचा फरक आला. म्हणाला ३ पर्यंत चालतं. मग त्याने मला फेंडरचा एक बोल्ट दाखवला, वॉशरच्या कडेला रंग नसलेली चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ होती. म्हणाला मॅडम ही बघा, पत्रा इथे सरकलाय, दुसऱ्या बाजूच्या बोल्टला अशी रेघ नाही. मला पहिल्यांदाच कळलं की अशी पण खूण असते.

बीमला काही झालेलं नाही. लॉकची पट्टी डाव्या बाजूला सेंटीमीटरभर आत. कंडेन्सरची एक नळी चेपलीये आणि तिथे तेलकट धूळ चिकटलीये, म्हणजे गॅस गेला. रेडिएटर वाचला. फॅनच्या जाळीला चीर. लॅम्पचे तीनपैकी दोन कान तुटलेत, काच शाबूत, आणि आमच्या मॉडेलला कानांचं किट मिळतंय! बॉनेट चुंबकाला चिकटतं, पण नवीनच घालायचं ठरवलं. रडार आमच्या गाडीला नाहीच. बंपरच्या मजुरीचं विचारलं तर तो जरा हसला आणि एक ओळ खोडली.

नवीन आकडा पहिल्याच्या पावणेदोन पट. पहिल्या गॅरेजवाल्याला फोन करून कंडेन्सर गेलाय म्हटलं तर तो म्हणाला हो मग ते वेगळं लागणार, म्हणजे त्याचं पण तिथेच आलं असतं.

रंग मेटॅलिक ग्रे आहे, त्यामुळे फेंडरचा रंग राहिलाच, गप्प बसले.

डेंटर_होतो_आता_नाही:

छान. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम किती वेळ लावतात ते बघा, घाई करू देऊ नका, नळी उघडी राहिली की आत ओलावा जातो. ड्रायर, म्हणजे एसीतला ओलावा शोषणारा भाग, कंडेन्सरसोबतच येतो की वेगळा तेही विचारा, वेगळा असेल तर तो बदलायचाच. आणि गाडी घेताना उन्हात घ्या, संध्याकाळी नको. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा, बोट फिरवून कळतं.

हळू_चला:

थर्मोस्टॅटच निघाला. काका, कुठे पेढे पाठवू?