रांजणवाडी गेली, पण गाठ राहिली: शेक किती दिवस द्यायचा?

माझ्या 9 वर्षांच्या मुलीला 5 आठवड्यांपूर्वी वरच्या पापणीवर रांजणवाडी आली. लाल, ठसठसणारी, हात लावू देत नव्हती. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिलं, 7 दिवस लावलं. दुखणं आणि लाली गेली, पण मुगाच्या दाण्याएवढी टणक गाठ तशीच आहे. दाबली तरी दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, ही आता कॅलेझियन आहे, म्हणजे पापणीतल्या तेलग्रंथीचं तोंड बंद होऊन आत साचलंय. शेक चालू ठेवा, नाही गेली तर छोटा छेद घेऊन काढू.

शेक दिवसातून 4 वेळा, 10 मिनिटं देतोय. नंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज. गाठ फोडायचा प्रयत्न अजिबात केलेला नाही. ताप नाही, डोळा सुजलेला नाही, नजर स्वच्छ आहे. चष्मा नाही. मात्र सकाळी पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे बारीक कण दिसतात, आणि वर्षभरातली ही तिसरी वेळ. मला खरी काळजी त्याचीच वाटते.

अडचण अशी की ओला रुमाल 2 मिनिटांत गार होतो, आणि जास्त गरम करायला भीती वाटते, पापणीची कातडी फार नाजूक असते. छेद घ्यायचा तर मुलांना भूल द्यावी लागते म्हणतात, म्हणून घाई करायची नाहीये.

ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनी सांगा: नुसत्या शेकाने गाठ जिरायला किती आठवडे लागले, शेक गरम कसा टिकवलात, आणि ते कण रोज साफ करायला काय वापरता?